अन्नवस्त्रापासून चरितार्थापर्यंत : वारसा आणि वृद्धांचा सांभाळ यांच्या संबंधाचा ऐतिहासिक अभ्यास
(भिवंडी व ठाणे जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

धामणकर नाका हा भिवंडी शहरातील अत्यंत वर्दळीचा भाग आहे. ठाणे–भिवंडी–कल्याण या मेट्रो मार्ग ५ च्या पहिल्या टप्प्याचे टोक म्हणून अलीकडे या नाक्याचे नाव वारंवार घेतले जाते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील कापड उत्पादनाचा मोठा भाग भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळला. पुढे मुंबई–नाशिक महामार्गालगतच्या गावांत गोदामे उभी राहिली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा भिवंडी तालुक्यातील आमणे येथपर्यंत खुला झाला. या प्रत्येक घडामोडीबरोबर जमिनीचे, गाळ्याचे आणि राहत्या खोलीचे मोल वाढत गेले. मालमत्तेचे मोल वाढले की ती ज्यांच्या नावावर आहे त्या घरातील वयोवृद्ध माणसाच्या सहीचेही मोल वाढते.

मालमत्ता कोणाकडे जाणार आणि वृद्ध आईवडिलांना कोण सांभाळणार, हे आज दोन स्वतंत्र प्रश्न मानले जातात. पहिला वकिलाकडे नेला जातो, दुसरा कुटुंबातच कुजबुजत ठेवला जातो. ते नेहमीच असे वेगळे नव्हते. प्रस्तुत लेखात हे दोन प्रश्न कायद्याच्या इतिहासात कसे विलग झाले आणि त्यांना पुन्हा जोडण्याचा प्रयत्न कसा होत आहे याचा शोध घेतला आहे. त्यासाठी अधिनियमांचा मजकूर आणि प्रसिद्ध न्यायनिर्णय यांचा आधार घेतला असून भिवंडी परिसरातील मालमत्तेचे विशिष्ट प्रकार नजरेसमोर ठेवले आहेत.

१. एकत्र कुटुंब : अन्नवस्त्र आणि आईचा वाटा

ब्रिटिश न्यायालयांनी मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याचे दोन ग्रंथ प्रमाण मानले : विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ आणि सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाचा ‘व्यवहारमयूख’. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या प्रदेशांत दोहोंत मतभेद आल्यास मयूखाला प्राधान्य दिले जाई. सध्याचा ठाणे जिल्हा उत्तर कोकणात मोडत असल्याने येथील हिंदू कुटुंबांच्या वारसाविषयक विवादांत मयूखाला विशेष महत्त्व होते.

मिताक्षरा पद्धतीत मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क मिळतो. त्यामुळे बापाला ती मालमत्ता मनाला येईल तशी देता येत नसे. याची दुसरी बाजू अशी की, घरातील प्रत्येक व्यक्तीचा, विशेषतः विधवा व वृद्ध यांचा, सामाईक उत्पन्नावर पोषणाचा हक्क होता. मराठीत या हक्काला ‘अन्नवस्त्र’ हा नेमका शब्द रूढ आहे. स्त्रियांच्या निर्वाहासाठी काही जमीन ‘चोळीबांगडी’ म्हणून लावून देण्याची रीतही होती. याशिवाय वृद्ध आईवडिलांचे पोषण हे मुलाचे वैयक्तिक कर्तव्य होते. त्याच्या हाती वडिलोपार्जित मालमत्ता असो वा नसो, ते चुकत नसे. पिता आणि पुत्र यांच्यात वाटणी झाल्यास आईला मुलाइतका वाटा देण्याची पद्धत महाराष्ट्रात मान्य होती. तिला स्वतः वाटणी मागता येत नसे, मात्र इतरांनी वाटणी केली तर तिला वगळता येत नसे.

मुलाने बापाच्या हयातीत वाटणी मागावी काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऐरणीवर आला. आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने बहुमताने असे ठरविले की, बाप स्वतःच्या बापाबरोबर किंवा भावांबरोबर एकत्र असेल तर त्याच्या संमतीवाचून मुलाला वाटणी मागता येणार नाही. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी याहून भिन्न मत नोंदविले होते. या मुद्द्यावर मुंबई इलाख्याची वाट इतर काही इलाख्यांहून निराळी ठरली. निकालाचा हेतू वृद्धांना आधार देण्याचा होता असे म्हणता येणार नाही. तरीही वडिलधाऱ्यांच्या हयातीत घर फोडण्यास त्यामुळे एक अडसर निर्माण झाला हे खरे.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. विधवेला मिळणारे अन्नवस्त्र बहुधा दिराच्या वा पुतण्याच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क नव्हता. तथापि मालमत्ता जेथे जाते तेथेच सांभाळाचा भारही जातो, हे तत्त्व त्या व्यवस्थेत गृहीत धरलेले होते.

२. मृत्युपत्राचा प्रवेश

मृत्युपत्र ही संस्था प्राचीन धर्मशास्त्रात आढळत नाही. ब्रिटिश अमदानीत न्यायालयांनी ती हिंदूंच्या बाबतीत मान्य केली आणि १८७० च्या हिंदू विल्स अधिनियमाने तिला लेखी स्वरूप दिले. हा अधिनियम मुंबई शहराला लागू होता, ठाणे जिल्ह्याला नव्हता. त्यामुळे खाडीपलीकडच्या मुंबईत हिंदूचे मृत्युपत्र लेखी व साक्षांकित असणे आवश्यक असताना भिवंडीत तोंडी मृत्युपत्रही वैध ठरू शकत होते. हा भेद १ जानेवारी १९२७ पासून संपला. त्या दिवसापासून केलेल्या प्रत्येक हिंदू मृत्युपत्रासाठी लेखन आणि दोन साक्षीदारांचे साक्षांकन बंधनकारक झाले.

याच काळात मालमत्तेचे स्वरूप बदलत होते. शेतीऐवजी नोकरी, वकिली, व्यापार यांतून पैसा येऊ लागला. कुटुंबाच्या खर्चाने शिकलेल्या मुलाची कमाई कुटुंबाची की त्याची स्वतःची, असा वाद न्यायालयांत वारंवार येई. मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नाने झालेल्या १९३० च्या हिंदू विद्याधन अधिनियमाने ही कमाई स्वकष्टार्जित ठरविली. शिक्षितांच्या दृष्टीने हा न्याय्य बदल होता. मात्र ज्या आईवडिलांनी शेत गहाण टाकून मुलाला शिकविले, त्यांचा त्या कमाईवरील सामाईक हक्क यामुळे संपला. उरले ते केवळ पोषणाचे वैयक्तिक कर्तव्य.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला व विधवेला पहिल्या वर्गातील वारस केले आणि एकत्र कुटुंबातील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा प्रत्येक सहदायादाला दिली. त्याच वर्षीच्या दत्तक व पोषण अधिनियमाच्या कलम २० ने वृद्ध वा दुर्बल आईवडिलांच्या पोषणाचे कर्तव्य मुलगा आणि मुलगी या दोघांवर ठेवले. वारसा एका अधिनियमात आणि पोषण दुसऱ्या अधिनियमात, अशी विभागणी येथे पूर्ण झाली.

३. मुस्लिम कायद्यातील व्यवस्था

भिवंडीचा विचार करताना मुस्लिम कायदा वगळता येणार नाही. कोकणी मुस्लिम आणि उत्तर भारतातून आलेले मोमीन विणकर हे या शहराच्या घडणीतील प्रमुख समाज आहेत. मुस्लिम कायद्यात जन्मतः हक्क नाही. वारसांचे हिस्से ठरलेले असतात आणि ते मृत्यूनंतरच उघडतात. मृत्युपत्राने, इतर वारसांच्या संमतीशिवाय, मालमत्तेच्या एकतृतीयांशापलीकडे देता येत नाही. ऐपत असलेल्या अपत्यांवर गरीब आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी या कायद्यातही आहे.

ज्याला ठरलेल्या हिश्शांहून वेगळी व्यवस्था करावयाची असेल त्याच्यापुढे मुख्य मार्ग उरतो तो हयातीतील दानाचा, म्हणजे ‘हिबा’चा. देण्याची घोषणा, घेणाऱ्याची स्वीकृती आणि ताबा या तीन गोष्टी पूर्ण झाल्या की हिबा पूर्ण होतो, आणि तो तोंडीही होऊ शकतो. येथेच वृद्ध दात्याची अडचण सुरू होते. ताबा दिल्याशिवाय दान नाही, आणि ताबा दिल्यावर आधार नाही. हनफी मतानुसार दानाच्या पूर्णत्वाला बाध आणणारी अट रद्द ठरते आणि दान मात्र टिकते. तरीही मूळ मालमत्ता देऊन तिचे उत्पन्न आपल्या हयातीपर्यंत स्वतःकडे राखून ठेवणे वैध आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १८६७ मध्येच मान्य केले होते.

याहून बोलका दाखला १९१३ च्या मुसलमान वक्फ वैधीकरण अधिनियमाचा आहे. कुटुंबाच्या हितासाठी केलेले वक्फ १८९४ च्या एका निर्णयात प्रिव्ही कौन्सिलने अवैध ठरविले होते. मुंबईचे बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडलेल्या विधेयकाने ते पुन्हा वैध झाले. त्यात हनफी दात्याला वक्फाच्या उत्पन्नातून स्वतःच्या हयातीतील पोषणाची तरतूद करण्याची स्पष्ट मुभा देण्यात आली. मालमत्तेची पुढील व्यवस्था आणि म्हातारपणाचा आधार या दोन गोष्टी एकाच दस्तात लिहिता येतात, याची ही कायद्याने दिलेली जुनी कबुली होय.

४. कल्याणचा खटला : जबाबदारी आधी, वाटा नंतर

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील पोटगीची तरतूद केवळ पत्नी व अपत्ये यांच्यासाठी होती. १९७३ च्या संहितेच्या कलम १२५ मध्ये प्रथमच आईवडिलांचा समावेश झाला. धर्म कोणताही असो, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मातापित्यांना दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येऊ लागली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

या कलमाचा अर्थ ठरविणारा महत्त्वाचा खटला भिवंडीपासून हाकेच्या अंतरावर, कल्याण येथे उभा राहिला. कल्याणमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका विवाहित मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी तेथील प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दरमहा ५०० रुपये पोटगीसाठी अर्ज केला. मुलीची आई १९४८ मध्ये निवर्तली होती आणि वडील दुसऱ्या पत्नीसह राहत होते. मुलीचा प्राथमिक आक्षेप असा होता की, कलमातील शब्दयोजना पुल्लिंगी असल्याने पोटगीची जबाबदारी फक्त मुलावर येते, मुलीवर नाही. दंडाधिकाऱ्यांनी व नंतर मुंबई उच्च न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. विजया मनोहर अर्बट विरुद्ध काशीराव राजाराम सवाई या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८ फेब्रुवारी १९८७ रोजी त्याचा निर्णय झाला.

न्यायालयाने सांगितले की, कायद्यातील पुल्लिंगी सर्वनामात स्त्रीचाही समावेश होतो. ज्यांना केवळ मुलीच आहेत अशा आईवडिलांना निराधार सोडणे हा विधिमंडळाचा हेतू असू शकत नाही. विवाहानंतरही मुलगी ही मुलगीच राहते. मात्र तिच्यावर आदेश करण्यापूर्वी, पतीच्या उत्पन्नाहून स्वतंत्र अशी तिची स्वतःची पुरेशी ऐपत आहे याची खात्री दंडाधिकाऱ्यांनी करून घेतली पाहिजे.

या निर्णयाकडे सामान्यतः वृद्धांच्या हक्काचा विजय म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या क्रमात तो ठेवून पाहिला असता आणखी एक गोष्ट दिसते. १९८७ मध्ये महाराष्ट्रातील हिंदू मुलगी वडिलांच्या मृत्यूनंतर वारस होती, मात्र एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत तिला जन्मतः हक्क नव्हता. महाराष्ट्राने तो २२ जून १९९४ पासून दिला, तोही त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळून. केंद्रीय दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित हा भेद दूर केला. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे तर विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट झाले. विवाहित मुलीवर पोषणाची जबाबदारी निःसंदिग्धपणे आली ती १९८७ मध्ये. भावाच्या बरोबरीचा वाटा मिळण्यास तिला आणखी अठरा वर्षे वाट पाहावी लागली.

आजही वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत सर्वत्र दिसते. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. त्या दस्तात मालमत्तेचे वर्णन चतुःसीमेसह बारकाईने असते. हयात असलेल्या आईला यापुढे कोण सांभाळणार, याविषयी मात्र बहुधा एकही ओळ नसते. बहिणीचा वाटा जातो, आईबाबतची तिची कायदेशीर जबाबदारी कायम राहते.

५. २००७ चा अधिनियम आणि न लिहिलेली अट

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ मध्ये संमत झाला आणि महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून अमलात आला. उपविभागीय स्तरावर न्यायाधिकरण, नोटिशीपासून साधारणतः ९० दिवसांत निर्णय आणि दरमहा कमाल १०,००० रुपये चरितार्थ ही मूळ अधिनियमाची रचना आहे. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू व नात हे सर्व जबाबदार धरले आहेत. निपुत्रिक ज्येष्ठ नागरिकाच्या बाबतीत जो नातेवाईक त्याची मालमत्ता धारण करतो किंवा वारसाने घेणार आहे, त्याच्यावर जबाबदारी आहे. ‘ज्याला मालमत्ता, त्याच्यावर सांभाळ’ हे जुने तत्त्व येथे पुन्हा अवतरलेले दिसते.

कलम २३ मध्ये ते अधिक ठळक होते. ज्येष्ठ नागरिकाने आपल्या मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर मालमत्ता हस्तांतरित केली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण कपटाने वा दडपणाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. अडचण ‘अटीवर’ या शब्दाची आहे. सुदेश छिकारा प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असल्याचे दाखविणे आवश्यक मानले. उर्मिला दीक्षित प्रकरणात (२ जानेवारी २०२५) अधिनियमाचा उदार अर्थ लावून आईला मालमत्ता परत देण्यात आली. या दुसऱ्या प्रकरणातही, मुलगा आईला सांभाळील आणि न सांभाळल्यास दान रद्द करता येईल, असे सांगणारे स्वतंत्र वचनपत्र आईने पुढे ठेवले होते. आधार लिखित शब्दाचाच होता.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०१५ मध्ये राहती व शेतीची मालमत्ता पती-पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये करण्यात आले. हेतू स्तुत्य होता. परिणामी बक्षीसपत्र हा सर्वांत स्वस्त मार्ग झाला. वस्तुतः मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क लागत नाही, त्याची नोंदणी ऐच्छिक आहे, ते केव्हाही बदलता येते आणि मालमत्ता अखेरपर्यंत करणाऱ्याच्याच हाती राहते. तरी ‘नंतर भांडणे नकोत’ म्हणून वृद्ध माणूस बक्षीसपत्राकडे वळतो आणि त्याच क्षणी आपल्या हातातील एकमेव आधार देऊन टाकतो. मुलांवर अविश्वास दाखविल्यासारखे होईल, या संकोचाने अट लिहिली जात नाही.

कलम २३ चा उपयोग भावंडांच्या वादात किंवा सुनेला घराबाहेर काढण्यासाठीही होऊ शकतो, हे विसरून चालणार नाही. एस. वनिता प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठांचा हक्क आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील स्त्रीचा निवासाचा हक्क यांत मेळ घालण्याची गरज सांगितली आहे.

६. भिवंडीतील मालमत्तेचे प्रकार

भिवंडीसारख्या शहरात ‘मालमत्ता’ म्हणजे नेहमीच मालकीचे घर नसते. अनेक कुटुंबांकडे असते ती पागडीची खोली किंवा भाड्याचा गाळा. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये वसंत प्रताप पंडित प्रकरणात ठरविले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार राहत्या जागेचा हक्क भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे, आणि धंद्याच्या जागेचा हक्क तेथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे प्रथम जातो. बरोबर राहणे म्हणजे सांभाळणे नव्हे. तरीही सहवासाला वारशात स्थान देणारी ही तरतूद उल्लेखनीय आहे. यंत्रमागाच्या गाळ्याविषयी वडिलांनी लिहिलेला कागद बहुधा निरुपयोगी ठरतो तो याच कारणाने.

ग्रामीण भागात सातबाऱ्यावरील वारसनोंद हीच मालकी समजली जाते. वास्तविक ती महसुली नोंद आहे. नामनिर्देशनाबाबतही असाच गैरसमज आढळतो. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर प्रकरणात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, समभागांचा नामनिर्देशित हा मालक होत नाही आणि वारसांचे हक्क कायम राहतात, असे स्पष्ट केले.

विखुरलेल्या व असंघटित यंत्रमाग व्यवसायात भविष्य निर्वाह निधी वा निवृत्तिवेतन फार थोड्यांच्या वाट्याला येते. त्यामुळे कारागिराची खोली हेच त्याचे निवृत्तिवेतन असते. हा प्रश्न केवळ कामगारांचा आहे असेही नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या बहुसंख्य प्राध्यापकांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नव्हती. ती पिढी निवृत्त होईल तेव्हा राहत्या घराचा दस्त कोणाच्या नावे आणि कोणत्या शब्दांत आहे, याला आजच्यापेक्षा अधिक महत्त्व येईल.

निष्कर्ष

१) एकत्र कुटुंबात मालमत्ता व सांभाळ परस्परांशी निगडित होते. मृत्युपत्र, स्वकष्टार्जित मालमत्ता आणि १९५६ चे अधिनियम यांतून त्यांची फारकत झाली. या फारकतीनेच स्त्रियांना हक्क व व्यक्तीला स्वातंत्र्य मिळाले. त्यामुळे जुन्या व्यवस्थेकडे परतणे शक्य नाही आणि इष्टही नाही.

२) विवाहित मुलीवर पोषणाची जबाबदारी १९८७ मध्ये निश्चित झाली, समान वाटा २००५ मध्ये आला. हक्कसोडपत्राच्या प्रथेने तो वाटा व्यवहारात अजूनही कमी होतो.

३) १९१३ चा वक्फ अधिनियम आणि २००७ च्या अधिनियमाचे कलम २३ या दोन भिन्न परंपरांतील तरतुदी एकच गोष्ट सांगतात : हस्तांतरणाच्या दस्तातच दात्याच्या हयातीतील पोषणाची तरतूद लिहिता येते.

४) स्वस्त बक्षीसपत्र आणि न लिहिलेली अट यांचा संयोग आज वृद्धांसाठी सर्वाधिक धोक्याचा आहे. मुस्लिम दात्याच्या बाबतीत अटीची भाषा विशेष काळजीने ठरवावी लागते.

समारोप

कायदा चरितार्थाची रक्कम ठरवू शकतो. आजारी आईच्या उशाशी रात्रभर बसण्याचा आदेश तो देऊ शकत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर केवळ न्यायाधिकरणात सापडणार नाही. परंतु दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर आयुष्याची कमाई लिहून देताना, आपण हयात असेपर्यंत या घरात राहू व आपला खर्च घेणारा करील, हे वाक्य लिहिण्यास आणखी दमडीही लागत नाही. ते लिहिण्यात मुलांचा अपमान नाही. आपल्या पूर्वजांनी ‘अन्नवस्त्र’ या एका शब्दात जे गृहीत धरले होते, तेच आज कागदावर उतरवावे लागते, एवढाच याचा अर्थ. महाविद्यालयांच्या विधी साक्षरता उपक्रमांतून आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून हे एक वाक्य भिवंडीच्या घराघरांत पोहोचविता आले, तर इतिहासाच्या या अभ्यासाचा काही उपयोग झाला असे म्हणता येईल.